पोचल्याची रिंग

अमेरिकेतल्या श्रूजबरीच्या मराठी मंडळात शोभनाताईंच्या हातच्या उकडीच्या मोदकांइतकीच त्यांची भीतीही प्रसिद्ध होती. फरक एवढाच, की मोदक वर्षातून एकदा मिळायचे आणि भीती बारमाही होती.

त्यांच्याकडे आलेला पाहुणा निघताना "येतो" म्हणाला, की त्या "या" म्हणण्याआधी "पोचलात की रिंग द्या" म्हणत. मग पाहुणा बॉस्टनला जाणारा असो की कोपऱ्यावरच्या वळणापाशी राहणारा. समोरच्या सुलभाताई एकदा विरजण न्यायला आल्या होत्या. त्यांनी रस्ता ओलांडून घरी गेल्यावर थट्टेनं खरोखरच रिंग दिली. शोभनाताईंनी ताबडतोब उलट फोन करून विचारलं, "रस्ता घसरडा नव्हता ना गं?" तेव्हा जून महिना चालू होता आणि सुलभाताईंच्या अंगणात स्ट्रॉबेऱ्या लालबुंद व्हायला लागल्या होत्या.

रिंग म्हणजे बोलणं नव्हे, हे आधी सांगायला हवं. फोन एकदाच वाजवायचा आणि कापायचा. एक रिंग म्हणजे 'पोचलो, सुखरूप आहे, तुम्ही जेवून घ्या.' ही पद्धत शोभनाताईंनी सांगलीहून आणली होती. लग्नानंतर संजयरावांच्या नोकरीपायी त्या अमेरिकेला आल्या, तेव्हा त्यांचे वडील सांगलीच्या घरात फोनशेजारी स्टूल टाकून बसून राहिले होते. एक रिंग वाजली आणि तुटली. वडील आत वळून एवढंच म्हणाले, "पोचली. वाढ आता." ही गोष्ट शोभनाताईंना आईच्या पत्रातून कळली आणि त्यांच्या मनानं कायमचं घेतलं, की विमान माणसाला नुसतं उतरवतं. पोचवते ती रिंग.

या पद्धतीत एकच खोट होती आणि ती म्हणजे खुद्द शोभनाताई. रिंग आली की त्यांना शंका यायची. खिशात चुकून दाबली गेली असेल तर? फोन पोचला आणि माणूस मागे राहिला असेल तर? म्हणून त्या प्रत्येक रिंगला उलट फोन करून खात्री करून घेत. "आई, कॉल बॅक करायचं नाही हाच तर रिंगचा पॉइंट आहे ना!" असं त्यांची मुलगी इशिता कॉलेजात असल्यापासून सांगत आली होती. शोभनाताई म्हणत, "पॉइंट तुझ्याकडे ठेव. आवाज ऐकला की बरं वाटतं."

आणि देवाला तरी काय एकेक गंमत सुचते. ज्या बाईला शॉवरमध्ये कुणी शिट्टी वाजवली तरी घसरून पडेल असं वाटतं, तिच्या पोटी त्यानं इशिता घातली. इशिता चालायच्या आधी चढायला शिकली. इंजिनिअर झाली. बरोबरीची मुलं सांता क्लाराला आणि बेलव्ह्यूला जाऊन चांगली कंपन्यांच्या काचेच्या इमारतीत बसली. आणि ही गेली कॅरेबियन समुद्रातल्या बेटांवर, वादळात छपरं उडू नयेत म्हणून काय करावं ते बघायला.

तिथे सात छोट्या देशांनी मिळून एक संघ केला होता. देश म्हणजे एवढेएवढेसे. आपल्याकडे त्याला तालुका म्हणायचं तरी तहसीलदार दोनदा विचार करील. एकेकट्याला मोठं गोदाम परवडत नाही, मोठी बोट परवडत नाही. वादळ मात्र बेट लहान आहे म्हणून काही सूट देत नाही. म्हणून सातांनी वाटून घेतलं होतं. एकाकडे ताडपत्र्या, एकाकडे पाण्याच्या टाक्या, एकाकडे बोटी आणि त्या हाकणारी माणसं. ज्याच्यावर वादळ येईल त्याच्याकडे बाकीच्यांनी धावायचं.

पण धावायचं कधी? मागे एकदा घोटाळा झाला होता. एका बेटाचे सगळे फोन बंद पडले. शेजारच्या बेटांना वाटलं, मदत मागत नाहीत म्हणजे बरे असतील. ते बरे नव्हते. मागायला फोनच नव्हता. बोटी गेल्या तेव्हा उशीर झालेला होता.

त्यावर मोठी चर्चा चालू असताना इशितानं सहज सांगितलं, की माझ्या आईची एक पद्धत आहे. मंत्रिमंडळी आधी हसली, मग गप्प झाली, मग त्यांनी तो नियमच करून टाकला. वादळाच्या दिवसांत प्रत्येक बेटानं रोज दिवेलागणीला शेजारच्या बेटाला एक रिंग द्यायची. रिंग आली म्हणजे ठीक. नाही आली, तर कुणाच्या हाकेची वाट न बघता बोट सोडायची.

"आई, तुझी पोचल्याची रिंग आता इंटरनॅशनल झाली!" इशितानं फोनवर सांगितलं.

"अगं बाई! मंत्र्यांना माझं नाव सांगितलंस? काय म्हणतील ते!" असं म्हणून शोभनाताई आणखी एका गोष्टीला घाबरल्या.

यंदा गणपतीच्या आदल्या दिवशी वादळ आलं. त्याला हवामानवाल्यांनी बाईचं नाव दिलं होतं. रात्री सापाला जसं जनावर म्हणतात, नाव घेत नाहीत, तसं शोभनाताईंनी ते नाव घरात उच्चारायला बंदी केली होती. तिला नुसतं 'ती' म्हणायचं. 'ती' सकाळी तोर्तेल नावाच्या बेटावरून गेली. इशिता नेमकी तोर्तेलवर होती. आणि 'ती'च्या मागून तिची धाकटी बहीण निघालेली होती, असं टीव्हीवाला गोड हसून सांगत होता.

इशिताचा शेवटचा मेसेज आदल्या संध्याकाळचा होता. "शाळेत आहोत सगळे. भिंती जाड आहेत. मोबाइल बंद पडेल. शाळेत सॅटेलाइटवरचा एक फोन आहे, त्याचा नंबर देतेय, ओन्ली फॉर इमर्जन्सी. आणि आई, इमर्जन्सी म्हणजे तुला काही झालं तर. मला काही झालं असेल असं तुला वाटलं तर नाही."

शोभनाताईंनी तो नंबर आधी फोनमध्ये घातला, मग कॅलेंडरवर लिहिला, मग पाठ केला.

'ती' गेली त्याच दिवशी दुपारी त्यांच्या स्वयंपाकघरात मंडळाच्या मोदकांचा घाणा चालू होता. मदतीला सुलभाताई. सुलभाताई म्हणजे मंडळाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपच्या सर्वेसर्वा. मनानं लोणी, आणि लोण्यासारख्याच, जरा ऊब लागली की पाघळणाऱ्या. शोभनाताईंचे मोदक एरवी देवळाच्या कळसासारखे उभे राहत. आज त्यांच्या पाकळ्या एकीकडे आणि नाक दुसरीकडे जात होतं.

"शोभना, हा मोदक वादळातून आल्यासारखा दिसतोय गं," सुलभाताई म्हणाल्या आणि लगेच जीभ चावली.

शोभनाताईंनी हात धुतले. "मी लावते फोन."

"अगं पण ती म्हणालीय ना, तुला काही झालं तरच?"

"मला होतंय ना! छातीत धडधडतंय. आणखी काय व्हायला हवं?"

पलीकडे एका बाईनं फोन उचलला. आवाज दमलेला, पण शाळेतला. त्या मिस जोसेफीन, शाळेच्या मुख्याध्यापिका. शोभनाताईंनी आपल्या सगळ्या इंग्रजीनिशी मुलीची चौकशी केली.

"इशिता? ती छान आहे, मॅडम. छपरावर आहे."

"छपरावर?"

"दवाखान्याच्या. ताडपत्री बांधतेय. मॅडम, कृपा करून फोन ठेवा. हा सगळ्या गावाचा एकच फोन आहे आणि ऊन नाही. बॅटरी भरत नाहीये."

शोभनाताईंनी फोन ठेवला आणि ओट्याला टेकून रडल्या. सुलभाताईही रडल्या. मग दोघी हसल्या. मग शोभनाताईंना वाटलं, संध्याकाळी परत जीव घाबरा झाला आणि आपल्याला फोन लावायचा धीर झाला नाही तर? निदान दुसऱ्या कुणाकडे नंबर असावा. त्यांनी कॅलेंडरवर बोट ठेवलं. "सुलभा, हा तुझ्याकडे असू दे. मी अगदीच हातपाय गाळले तर तू लाव."

सुलभाताईंनी नंबर घेतला. आणि पुढचा घाणा उकडेपर्यंत, दिवाणखान्यात जरा पाठ टेकायला गेल्या असताना, त्यांच्या मनातलं लोणी पाघळलं.

आपल्याकडे कुणावर संकट आलं आणि आपण विचारपूस केली नाही, तर ते संकट विसरलं जातं, पण न केलेली विचारपूस तीन पिढ्या लक्षात राहते. समाचाराला न जाणं हा गुन्हा आहे. घरी जाता येत नसेल तर निदान फोन. सुलभाताईंनी ग्रुपवर लिहिलं, "आपली इशिता वादळाच्या बेटावर एकटी आहे. छपरावर आहे. खालील नंबरवर सर्वांनी धीर द्यावा." आणि खाली जोडलेल्या हातांची रांग.

मंडळ मोठं होतं आणि शनिवार होता. सगळे घरी होते.

शोभनाताईंना यातलं काही माहीत नव्हतं. ऊन कललं तसं त्यांनी देवापुढे दिवा लावला. तोर्तेलवर आपल्या आधी अंधारतं, हे त्यांना पाठ होतं. आत्ता मिस जोसेफीन शेजारच्या सेंट अल्बा बेटाला एक रिंग देत असतील. वाजली. कापली. सेंट अल्बावर कुणीतरी मान डोलावली असेल आणि आत वळून म्हणालं असेल, वाढा आता. वादळाच्या दिवसांत दिव्यापुढे उभ्या राहून शोभनाताई ही न ऐकू येणारी रिंग रोज ऐकायच्या. आजही त्यांनी हात जोडले. आणि जोडलेल्या हातांत एकदम काहीतरी गार वाटलं. उगाचच. सवयीनं.

फक्त एकदा, असं मनाशी म्हणून त्यांनी फोन लावला. एंगेज. पुन्हा लावला. एंगेज. तिसऱ्यांदा लावला तेव्हा काहीच आवाज आला नाही. रिंग नाही, एंगेज नाही. विहिरीत दगड टाकावा आणि पाण्याचा आवाजच येऊ नये, तसं.

"अहो!" त्यांनी हाक मारली.

संजयराव दुपारपासून गॅरेजमध्ये काहीतरी आवरत होते. ते आत आले ते हातात फोन घेऊन आणि कपाळावर आठ्या घालून. संजयरावांच्या कपाळावर आठी ही शोभनाताईंनी लग्नानंतर फार थोड्या वेळा पाहिलेली गोष्ट. ऑफिसात नवीन प्रोग्रॅम कोसळला, सगळे धावत सुटले, तरी हे म्हणे आधी चहा घेत.

"शोभना, हे काय आहे?" त्यांनी ग्रुप वाचून दाखवला.

"बोललो. बाई फार छान आहेत. इशिता छपरावर आहे म्हणाल्या."

"छपरावर?? पाणी चढलंय का?"

"मला एंगेज येतोय. एकानेच बोलावे. बाकीच्यांनी रांगेत यावे."

"मी शाकाहारी जेवणाचं विचारलं. डब्यातले मासे आहेत म्हणाल्या. पोरीच्या जेवणाचं काहीतरी बघायला हवं."

"आमच्या ह्यांनी त्यांना रामरक्षा ऐकवली. पूर्ण ऐकून घेतली हो बाईंनी. संस्कार!"

"माझाही झाला. आता लागत नाहीये. बॅटरी गेली बहुतेक."

शोभनाताई खुर्चीवर बसल्या नाहीत. खुर्ची त्यांच्या खाली होती म्हणून त्या वर राहिल्या. मिस जोसेफीन प्रत्येक फोन का उचलत होत्या, ते त्यांना लख्ख कळलं. तो फोन सेंट अल्बाचा असू शकत होता. म्हणून त्या बाईनं प्रत्येक वेळी उचलला, आणि प्रत्येक वेळी श्रूजबरीचा कुणीतरी काका निघाला.

"अहो, रिंग," त्या म्हणाल्या.

"कुठली रिंग?"

"तिकडची. दिवेलागणीची. फोन मेला तो अंधाराच्या आधी. रिंग गेलीच नसणार. रिंग गेली नाही म्हणजे बोट सोडायची. नियमच आहे तो. माझा नियम आहे तो!"

संजयरावांनी खिडकीबाहेर बघितलं, जणू समुद्र तिथेच होता. "समुद्र अजून खवळलेलाच असेल," ते हळूच म्हणाले. "आणि मागून दुसरी येतेय."

शोभनाताई आयुष्यभर घाबरत आल्या होत्या, पण ती सगळी भीती आपल्या माणसांना काहीतरी होईल याची. आपल्यामुळे कुणाला काही होईल, ही भीती त्यांना नवी होती, आणि पहिलीपेक्षा ती फार निराळी होती. पहिलीत धडधड व्हायची. हिच्यात सगळं आत थांबून राहिलं होतं.

दारात सुलभाताई उभ्या होत्या, दोन्ही हात पिठाचे, डोळे भरलेले. "मी चांगल्यासाठी..."

"रडायचं नंतर," संजयराव म्हणाले. "आधी ग्रुपवर लिहा, कुणीही त्या नंबरवर फोन करू नका."

सुलभाताईंनी लिहिलं. त्याबरोबर शोभनाताईंचा फोन वाजायला लागला. का हो, फोन का नाही करायचा? वाईट बातमी आहे का? आम्ही निघतोच तुमच्याकडे. एक ठेवला की दुसरा. शोभनाताई तो थरथरणारा फोन हातात धरून नुसत्या बघत राहिल्या. शेवटी संजयरावांनी सुलभाताईंना दिवाणखान्यात बसवलं आणि एकेकाला आपल्या फोनवरून उत्तर द्यायच्या कामाला लावलं. "सगळं ठीक आहे, फोन मोकळा ठेवा, एवढंच सांगा. जास्त एक शब्द नाही." सुलभाताईंना एवढी कठीण शिक्षा आजवर कुणी दिली नव्हती.

आता सेंट अल्बाला कळवायचं कसं? सरकारी नंबर कुणाकडे नव्हता. संजयराव कॉम्प्युटरवर शोधू लागले. जो सापडला तो लागेना.

आणि शोभनाताईंना घरमालकीण आठवली. पहिल्या वर्षी इशिता सेंट अल्बावर भाड्यानं राहत होती. तेव्हा "घरमालकिणीचा नंबर दिल्याशिवाय तू विमानात बसायचं नाहीस" असं त्यांनी बजावलं होतं. इशितानं कपाळावर हात मारून नंबर दिला होता. त्यानंतर दरवर्षी मिसेस फ्रान्सिसना श्रूजबरीहून चिवडा जात असे आणि तिकडून जायफळ येत असे.

फोन लागला. पहिल्याच रिंगला उचलला गेला. वाट बघणारा माणूस जसा उचलतो, तसा.

"मिसेस फ्रान्सिस, मी इशिताची आई."

"डार्लिंग, आत्ता बोलू नकोस. तोर्तेलची रिंग आली नाहीये."

"त्याचसाठी..." आणि शोभनाताईंनी सांगितलं. आधी इंग्रजीत व्याकरण सांभाळून, मग न सांभाळता. तोर्तेल ठीक आहे. दुपारी मी स्वतः बोलले. फोन मेला तो आमच्यामुळे. मी नंबर दिला. आमच्या गावानं फोन केले. बोट थांबवा.

पलीकडे लांबवर पत्रा वाजल्याचा आवाज येत होता.

"बोट गेली," मिसेस फ्रान्सिस म्हणाल्या. "माझा कर्टिस आहे तिच्यावर."

कर्टिसचा फोटो शोभनाताईंनी पाहिला होता. चिवड्याचा डबा डोक्यावर घेऊन हसत असलेला.

"परत बोलवता नाही येणार? त्यांच्याकडे काही वायरलेस..."

"आहे. पण तो वळणार नाही. मी सांगितलं तरी नाही." बाईंच्या आवाजात राग नव्हता, पण गोडवाही नव्हता. "त्या वर्षी सगळं ठीक असेल असं लांबून ठरवणारे आम्हीच होतो, इशिताची आई. त्या बेटावर माझी बहीण होती. तेव्हापासून आम्ही कुणाचं सांगणं ऐकत नाही. जाऊन बघतो."

"मला माफ करा."

"ते नंतर बघू. आधी पोरगा पोचू दे." मग जरा थांबून त्या म्हणाल्या, "तू अशी लाइनवर राहू नकोस. तो पोचला की बंदरावरून मला कळवतील. मग मी तुला एक रिंग देते. तुझीच पद्धत ना ती?"

"आणि... आणि काही वेगळं असलं तर?"

"तर मी कापणार नाही. वाजत ठेवीन. तू उचल."

फोन ठेवला गेला.

त्या संध्याकाळी श्रूजबरीतल्या त्या घरात जो फोन ओट्यावर ठेवलेला होता, त्याच्याइतकं कुणाकडे कधी कुणी बघितलं नसेल. शोभनाताई समोर बसून होत्या. वाजावा असंही वाटत होतं आणि वाजू नये असंही वाटत होतं. दिवाणखान्यातून सुलभाताईंचा घोगरा आवाज येत होता, "सगळं ठीक आहे, फोन मोकळा ठेवा... नाही हो, जास्त सांगता येत नाही... नाही म्हटलं ना!"

"तुम्ही तरी काही बोला," शोभनाताई नवऱ्याला म्हणाल्या. "नेहमी म्हणता ना, काही होत नाही."

संजयरावांनी आपला फोन ओट्यावर ठेवला. पडद्यावर वादळाचा नकाशा होता, ते पांढरं भिरभिरं आणि त्याच्या मागून येणारं दुसरं. "कालपासून बघतोय," ते म्हणाले. "गॅरेजमध्ये काही आवरत नव्हतो. गाडीत बसून हेच बघत होतो. तुझ्यासमोर बघितलं असतं तर तू घाबरली असतीस."

इतकी वर्षं शोभनाताईंना वाटत होतं, की या घरात घाबरायचं काम आपल्या एकटीकडे आहे. हा माणूस आपला वाटा गुपचूप गॅरेजमध्ये उचलत होता. दुसरी एखादी वेळ असती तर त्या यावरून चांगल्या भांडल्या असत्या. त्यांनी नुसती खुर्ची त्यांच्या बाजूला सरकवली.

बाहेर पूर्ण अंधारलं. जेवायची वेळ होऊन गेली. मोदकपात्रातलं पाणी आटून करपल्याचा वास सुटला. गॅस बंद करायला संजयराव उठले, आणि तेवढ्यात फोन वाजला.

एक.

आता कापला जाईल. आता. कापा हो बाई, कापा.

दुसरी रिंग सुरू झाली.

त्या अर्ध्या रिंगेत शोभनाताईंना काय काय दिसलं ते त्यांनी पुढे कधी कुणाला सांगितलं नाही. उलटी बोट दिसली. छप्पर दिसलं. चिवड्याचा डबा दिसला. सांगलीचं स्टूल दिसलं, आणि त्यावर बसलेला माणूस, ज्यानं त्यांना कधी सांगितलं नव्हतं की वाट बघताना तोही घाबरला होता. त्यांचा हात फोनकडे गेला.

दुसरी रिंग मध्येच तुटली.

स्वयंपाकघरात कुणी हललं नाही. सुलभाताई दिवाणखान्याच्या दारात येऊन थबकल्या होत्या. फोन वाजला नाही. आणखी जरा वेळ गेला. वाजला नाही.

"एक म्हणायची की दोन?" सुलभाताई कुजबुजल्या.

"दीड," संजयराव म्हणाले. "त्यांच्या हाताचं बोट म्हातारं असेल. कापायला उशीर झाला असेल. शोभना, उलट फोन कर. खात्री करून घे."

सुलभाताई म्हणाल्या, "हो गं, आवाज ऐकला की बरं वाटेल."

जिनं आयुष्यात प्रत्येक रिंगला उलट फोन केला, भर जूनमध्ये रस्ता घसरडा होता का विचारलं, त्या बाईचा हात फोनवर होता. अंगठा नंबरावर होता. शोभनाताईंनी फोन उचलला, पालथा केला आणि तांदळाच्या पिठीच्या परातीत ठेवून दिला.

"नाही. पोचली बोट. वाजत ठेवीन म्हणाल्या होत्या, ठेवली नाही. फोन मोकळा असू दे त्यांचा. आणखी कुणाची तरी रिंग यायची असेल."

आणि मग त्या दोघांकडे वळून म्हणाल्या, "बसा. वाढते."

कुणालाही घास गेला नाही, ही गोष्ट वेगळी. पण पानं वाढली गेली.

इशिताचा फोन आला तो गणपती बसल्यावर, आरती संपता संपता. शोभनाताईंनी तिथेच, मंडळानं गणपतीसाठी घेतलेल्या श्रूजबरीतल्या शाळेच्या हॉलमध्ये, टाळ खाली ठेवून उचलला. आधी नुसता वाऱ्याचा आवाज, मग, "आई! आय अॅम फाइन. ऊन पडलं, फोन सुरू झाला. धाकटी वळली समुद्रात, आली नाही. आणि तुला माहितीय का काय झालं? कर्टिस आणि ती सगळी मंडळी अंधारात पाण्याच्या टाक्या घेऊन आली. सगळे ओले, उलट्या करून करून हिरवे झालेले. आणि शाळेच्या दारात मिस जोसेफीन त्यांना विचारतायत, हू इज श्रीराम?"

शोभनाताई हसल्या नाहीत. "कुणाला लागलं का?"

"कर्टिसचा हात सुजलाय. बोटीच्या कडेवर आपटला." मग तिचा आवाज उतरला. "आई, दे कुड हॅव डाइड. यू नो दॅट, राइट?"

"हो," शोभनाताई म्हणाल्या. एवढंच. इशिताला पुढचं सगळं रागवायचं होतं, ते तिला या एका शब्दापुढे रागवता आलं नाही.

संघाच्या पुढच्या बैठकीत त्या संध्याकाळवर म्हणे बराच वेळ बोलणं झालं. बोट सोडली ते बरोबरच केलं, यावर सातही बेटांचं एकमत झालं. रिंग नाही म्हणजे जायचं. कारण विचारत बसायचं नाही. फक्त नियमांत एक भर पडली. शाळेचा नंबर कर्मचाऱ्यांच्या नातेवाइकांना द्यायचा नाही. एका मंत्र्यांनी विचारलं, विशेषतः आईला? इशिता म्हणाली, हो, विशेषतः आईला. अशा रीतीनं त्या करारात एक नियम शोभनाताईंच्या सवयीतून आला आणि दुसरा त्यांच्यापासून सांभाळण्यासाठी.

तो नंबर आता त्यांच्या कॅलेंडरवरून खोडलेला आहे. पाठ आहे, त्याला इलाज नाही. वादळांचे दिवस अजून संपलेले नाहीत. टीव्हीवाला रोज नवीन नाव घेऊन येतो आणि गोड हसतो. शोभनाताई अजून तितक्याच घाबरतात. पण दिवेलागणीला त्यांचा फोन वाजतो. सेंट अल्बाहून, मिसेस फ्रान्सिसचा, एकदाच. आज सगळे घरी आहेत, एवढाच त्याचा अर्थ. कधी कधी म्हाताऱ्या बोटाकडून तो दीड रिंग वाजतो, आणि त्या अर्ध्यात शोभनाताईंच्या पायाखालची जमीन दर वेळी नव्यानं सरकते.

त्या उलट फोन करत नाहीत. दिव्याची वात जरा पुढे सारतात, थोडा वेळ तशाच उभ्या राहतात, आणि आत वळून संजयरावांना म्हणतात, "पोचली. या जेवायला."